विकासाला आवर घालणारी प्रथिने : महाराष्ट्रातील भ्रूणविज्ञानाची वाटचाल

फलित अंड्यातून पूर्ण शरीर घडते ते पेशींनी एकमेकींना दिलेल्या संदेशांमुळे. एका पेशीने स्रवलेले प्रथिन शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला जाऊन चिकटते. त्यासरशी पेशीच्या आत प्रथिनांची एक मालिका हालू लागते आणि अखेरीस केंद्रकातील काही जनुके चालू होतात, काही बंद होतात. या मालिकेला संदेशवहन मार्ग म्हणतात. विंट, हेजहॉग, नॉच, बीएमपी आणि एफजीएफ असे हे मार्ग मोजकेच आहेत आणि प्राणिसृष्टीत तेच पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत. माशीचा पंख, कोंबडीच्या पिलाचा मेंदू आणि माणसाच्या आतड्याचे अस्तर यांच्या घडणीत तीच नावे येतात.

इतक्या थोड्या मार्गांतून इतकी वेगवेगळी शरीरे कशी घडतात, याचे उत्तर नियंत्रक प्रथिनांत मिळते. संदेश कुठे पोचावा, किती वेळ टिकावा, कोणत्या पेशीने त्याला प्रतिसाद देऊ नये, हे ती ठरवतात. त्यांतली कित्येक प्रथिने संदेश पुढे नेत नाहीत, तो अडवतात. शरीराचा आकार जितका आज्ञेने ठरतो तितकाच निर्बंधाने ठरतो, ही जाणीव विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पक्की झाली. तिथवरच्या प्रवासात आणि त्यानंतरच्या कामात पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांचा वाटा आहे.

मार्ग आणि त्यावरचे निर्बंध

विंट मार्गाचे उदाहरण घेतले की नियंत्रणाची रीत स्पष्ट होते. विंट प्रथिन पेशीत तयार होत असतानाच पॉर्क्युपाइन नावाचे विकर त्याला स्निग्धाम्लाचा एक तुकडा जोडते. हा तुकडा नसेल तर ते प्रथिन पेशीबाहेर नीट जाऊ शकत नाही आणि फ्रिझल्ड या आपल्या ग्राहीत घट्ट बसूही शकत नाही. विंटचा संदेश न मिळालेल्या पेशीत ॲक्सिन, एपीसी आणि जीएसके-3 ही प्रथिने एकत्र येऊन बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा सतत नाश करत राहतात. विंट येऊन फ्रिझल्ड आणि एलआरपी-6 या दोन ग्राहींना एकत्र बांधते, तेव्हा हा नाश थांबतो. बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात शिरते आणि टीसीएफ गटाच्या प्रथिनांच्या साथीने जनुके चालू करते. मार्ग मुळात बंद ठेवलेला असतो आणि संदेश येणे म्हणजे ती बंदी उठणे होय. हेजहॉग मार्गातही हेच दिसते. तिथे पॅच्ड हा ग्राही स्मूदन्ड या प्रथिनाला दाबून ठेवतो आणि हेजहॉग प्रथिन पॅच्डला चिकटले की तो दाब सुटतो.

पेशीबाहेरही पहारा असतो. डिककॉफ हे प्रथिन एलआरपी-6 ला धरून ठेवते, त्यामुळे विंटला आपला दुसरा ग्राही मिळत नाही. एसएफआरपी गटाची प्रथिने विंटला वाटेतच पकडतात. नोटम हे विकर विंटवरचा स्निग्धाम्लाचा तुकडा काढून टाकते आणि त्याला निकामी करते. बीएमपी मार्गावर नॉगिन, कॉर्डिन आणि ग्रेमलिन ही प्रथिने बीएमपीला घेरून त्याच्या ग्राहीपासून दूर ठेवतात.

यांतली बहुतेक नावे 1980 नंतरची आहेत. त्यांनी ज्या प्रश्नाचे उत्तर दिले, तो मात्र कितीतरी जुना आहे.

संघटकाचा शोध

1909 मध्ये एथेल ब्राउन या अमेरिकी संशोधिकेने हायड्राच्या तोंडाजवळचा बारीक तुकडा कापून दुसऱ्या हायड्राच्या धडावर बसवला. त्या जागी नवे डोके आणि नवे धड उगवले. नवे अंग बहुतांशी यजमान हायड्राच्याच पेशींतून तयार झाले होते. बसवलेल्या तुकड्याने शेजारच्या पेशींना कामाला लावले होते.

पंधरा वर्षांनी, 1924 मध्ये, जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डा मांगोल्ड यांनी सॅलॅमँडरच्या भ्रूणावर असाच प्रयोग केला. भ्रूणाच्या एका विशिष्ट भागाचे दुसऱ्या भ्रूणावर रोपण केल्यावर तिथे मेंदू आणि कण्यासह दुसरा भ्रूण तयार झाला. या भागाला त्यांनी संघटक म्हटले. श्पेमानला 1935 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मांगोल्डचा 1924 मध्येच अपघाती मृत्यू झाला होता.

पक्ष्यांमध्ये संघटक आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी 1930 च्या दशकात कोंबडीच्या भ्रूणावर दाखवले. भ्रूणाच्या मध्यावर उमटणारी आद्यरेषा आणि तिच्या टोकाची हेन्सनची गाठ शेजारच्या पेशींना चेतासंस्थेकडे वळवते, असे त्यांच्या रोपणप्रयोगांतून दिसले. त्यानंतर संघटकातून स्रवणारे द्रव्य शोधण्याचा प्रयत्न जगभर झाला. परिणाम गोंधळात टाकणारे निघाले. मारलेला संघटकही काम करत होता. इतर ऊतींचे तुकडेही तेच करत होते. मिथिलीन ब्लूसारखा रंगही सॅलॅमँडरच्या बाह्यस्तरात चेताऊती तयार करू शकत होता. खरे द्रव्य कोणते, हे ओळखण्याचे साधन त्या काळात नव्हते आणि पुढची काही दशके हा प्रश्न मागे पडला.

पुण्यातील कोंबडीचे भ्रूण

दुसऱ्या महायुद्धानंतर वॉडिंग्टन एडिंबरा येथील इन्स्टिट्यूट ऑफ ॲनिमल जेनेटिक्समध्ये गेले. 1950 च्या दशकात लीला मुल्हेरकर यांनी त्याच संस्थेत संशोधन केले. आद्यरेषेच्या दोन्ही बाजूंच्या भागांची प्रवर्तनक्षमता हा त्यांचा विषय होता. त्यावरचा त्यांचा निबंध 1958 मध्ये प्रायोगिक भ्रूणविज्ञानाच्या तेव्हाच्या प्रमुख ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ट्रिप्सिन या विकराचा जिवंत भ्रूणावर होणारा परिणाम सांगणारा दुसरा निबंध 1960 मध्ये आला.

परतल्यावर मुल्हेरकरांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रायोगिक भ्रूणविज्ञान रुजवले. विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झालेले, म्हणजे अगदी नवे होते. भारतातल्या प्राणिशास्त्राचा भर तोवर मुख्यतः प्राण्यांचे वर्गीकरण, शरीररचना आणि भ्रूणावस्थांचे वर्णन यांवर होता. भ्रूणात हस्तक्षेप करून कारण शोधण्याची रीत येथे फारशी रुळलेली नव्हती.

त्या रीतीला एका नव्या पद्धतीची साथ मिळाली. डेनिस न्यू यांनी 1955 मध्ये कोंबडीचा भ्रूण कवचाबाहेर वाढवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. सुमारे अठरा-वीस तास उबवलेले अंडे खारट द्रावणात फोडतात. बलकावरचे पातळ पटल भ्रूणासह कापून घेतात आणि काचेच्या कड्यावर ताणून बसवतात. हे कडे काचेच्या बशीत ठेवतात, खाली अंड्यातलाच पातळ पांढरा भाग घालतात आणि बशी उबवणीयंत्रात ठेवून देतात. पुढच्या दिवसभरात आद्यरेषा, चेतानलिका, कायखंड आणि धडधडणारे हृदय डोळ्यांसमोर तयार होताना दिसते. भ्रूण उघडा असल्याने त्यावर द्रव्य घालता येते, त्याचा भाग कापता येतो, दुसरीकडे बसवता येतो. खर्च अंडी, काच आणि मीठ-पाण्याचा. परकीय चलन आणि महाग यंत्रे दोन्ही दुर्मीळ असलेल्या काळात हे तंत्र पुण्याच्या प्रयोगशाळेला नेमके मानवले आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी त्यावर तयार झाले.

या काळातल्या प्रयोगांची पद्धत रासायनिक होती. एखादे द्रव्य घालून भ्रूणातील विशिष्ट क्रिया रोखायची आणि कोणते अवयव बिघडतात ते पाहायचे. भ्रूणाच्या घडणीत प्रथिनांवरील सल्फहायड्रिल गटांचा काय वाटा आहे, यावर मुल्हेरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेले काम याच प्रकारचे होते. कोणतेही प्रथिन नावाने ओळखता येत नसताना, ‘रोखले तर काय होते’ हा प्रश्न त्यांनी शिस्तीने विचारला. पुढे ज्या प्रथिनांचा शोध लागला, त्यांतली अनेक भ्रूणात नैसर्गिकरीत्या हेच रोखण्याचे काम करत असल्याचे आढळले.

मुंबईचे उंदीर, दिल्लीची माशी

विंट मार्गाचा शोध भ्रूणविज्ञानाबाहेरच्या दोन वाटांनी लागला. त्या दोन्ही विषयांवर भारतात काम झाले होते.

पहिली वाट स्तनाच्या कर्करोगाची. उंदरांमधील स्तनाचा कर्करोग दुधावाटे आईकडून पिलाकडे जाऊ शकतो, असे जॉन बिटनर यांनी 1936 मध्ये दाखवले होते. दुधातला हा घटक विषाणू निघाला. मुंबईत परळ येथे 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि पुण्यात जन्मलेल्या व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे यांनी तिथे या विषयावर काम उभे केले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धनाचे शिक्षण घेऊन त्या परतल्या होत्या. भारतातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी या केंद्रात उभारली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवर अभ्यासला. स्तनाच्या गाठींचे प्रमाण जास्त असलेला ‘आयसीआरसी’ नावाचा उंदरांचा वंश या केंद्राचीच देणगी. रणदिवे यांना 1982 मध्ये पद्मभूषण मिळाले. उंदरांतील या विषाणूमुळे पेशीच्या जनुकांत नेमके काय बिघडते, याचे उत्तर त्याच वर्षी अमेरिकेतून आले. रोएल नुसे आणि हॅरोल्ड व्हार्मस यांनी दाखवले की अनेक गाठींमध्ये विषाणू एका ठरावीक जनुकाच्या शेजारी घुसतो आणि ते जनुक अवेळी चालू होते. त्या जनुकाला त्यांनी इंट-1 म्हटले.

दुसरी वाट फळमाशीची. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना पंख नसलेल्या माश्यांचा एक उत्परिवर्ती वंश मिळाला. त्याची नोंद त्यांनी 1973 मध्ये केली आणि विंगलेस असे नाव दिले. 1976 मध्ये त्यांनी व्ही. एल. चोप्रा यांच्यासह या उत्परिवर्तनाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पंखाच्या जागी छातीच्या पाठीकडील भागाची दुसरी प्रत तयार होत होती. पंख नुसता खुंटलेला नव्हता, त्या जागेच्या पेशींची ओळखच बदलली होती. 1980 मध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक व्हिशाउस यांनी माशीच्या अळीचे खंड ठरवणारी जनुके शोधली. त्यांच्या यादीत विंगलेसही होते आणि हेजहॉगही. एडवर्ड लुइस यांच्यासह या दोघांना 1995 चे नोबेल मिळाले.

1987 मध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या. उंदराचे इंट-1 आणि माशीचे विंगलेस हे एकाच पूर्वज जनुकाचे वंशज निघाले. दोन्ही नावे जोडून 1991 मध्ये विंट हे नाव रूढ करण्यात आले. माणसात अशी 19 जनुके आहेत. कर्करोग घडवणारे जनुक आणि पंख घडवणारे जनुक एकच असते, ही गोष्ट जीवशास्त्राला तेव्हा नवी होती. त्याचा अर्थही पुढे स्पष्ट झाला. अवयव घडवण्यासाठी पेशींना वाढण्याचा जो संदेश लागतो, तोच योग्य जागी आणि योग्य वेळी थांबला नाही तर गाठ होते.

अडवणाऱ्या प्रथिनांची ओळख

1989 मध्ये बेडकाच्या अंड्यात इंट-1 चा आरएनए टोचल्यावर भ्रूणाला दुहेरी अक्ष फुटला. श्पेमान आणि मांगोल्ड यांनी ऊतीचे रोपण करून जे घडवले होते ते आता एका रेणूने घडले. संघटकाचा जुना प्रश्न पुन्हा उघडला आणि या वेळी त्याची उत्तरे पटापट आली.

विल्यम स्मिथ आणि रिचर्ड हार्लंड यांनी 1992 मध्ये बेडकाच्या भ्रूणातून नॉगिन शोधले. 1994 मध्ये कॉर्डिन, 1996 मध्ये सर्बेरस आणि 1998 मध्ये डिककॉफ मिळाले. ही सारी प्रथिने संघटकातून स्रवतात. ती ग्राहींना काही आज्ञा देत असतील, अशी अपेक्षा होती. 1996 मध्ये नॉगिन आणि कॉर्डिन थेट बीएमपीला चिकटून त्याला निष्प्रभ करतात, हे सिद्ध झाले. सर्बेरस आणि डिककॉफ हीसुद्धा रोधकच निघाली.

भ्रूणाचा बाह्यस्तर मोकळा सोडला तर चेताऊतीकडे वळू शकतो. बीएमपी त्याला त्वचा होण्यास भाग पाडते. संघटक आपल्या परिसरात बीएमपीला अडवतो आणि तेवढ्या पट्ट्यात चेतासंस्था तयार होते. सत्तर वर्षे ज्या ‘प्रवर्तक द्रव्या’चा शोध चालू होता ते द्रव्य प्रत्यक्षात रोधक होते. 1930 च्या दशकातल्या गोंधळावरही यातून काही प्रकाश पडतो. चेताऊतीकडे वळण्याची तयारी पेशींत आधीपासून असेल, तर ती अनेक असंबद्ध पदार्थांनीही उघड होऊ शकते.

पुण्यातही या काळात भ्रूणविज्ञान जनुकांच्या भाषेत बोलू लागले. विद्यापीठातल्या या परंपरेतून आलेले सुरेंद्र घासकडबी आणि त्यांचे सहकारी यांनी आघारकर संशोधन संस्थेत कोंबडीच्या भ्रूणावरील काम पुढे नेले. चेतासंस्था आणि मध्यस्तर यांच्या सुरुवातीच्या घडणीला एफजीएफ संदेश अत्यावश्यक असतो, हे त्यांनी 2001 मध्ये दाखवले. बाहेरून दिलेल्या इन्शुलिनमुळे भ्रूणाची घडण वेगाने होते आणि त्या वेळी भ्रूणीय जनुकांची अभिव्यक्ती बदललेली असते, हे 2004 मध्ये मांडले. न्यू यांचे काचेचे कडे तेच होते. त्यावरच्या भ्रूणाकडे विचारलेला प्रश्न आता विशिष्ट प्रथिनाच्या नावाने विचारला जात होता.

हायड्रा आणि आघारकर संस्था

नॉगिन आणि बीएमपी यांचा हा खेळ कणा असलेल्या प्राण्यांपुरताच आहे की त्याहून जुना, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी डावी-उजवी बाजू असलेल्या प्राण्यांच्या आधी वेगळ्या झालेल्या वंशाकडे जावे लागते. निडारिया संघ हा असा वंश. जेलीफिश, समुद्रफुले, प्रवाळ आणि हायड्रा त्यात येतात.

या संघाशी आघारकर संस्थेचे नाते जुने आहे. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. पण तरुणपणी सह्याद्रीत फिरताना त्यांनी सातारा भागातील कृष्णेच्या उपनद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश पाहिला आणि त्याचा अभ्यास केला. 1911 मध्ये नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचे लिम्नोक्निडा इंडिका या नावाने वर्णन केले. त्या प्रकारचे जेलीफिश तोवर आफ्रिकेतलेच माहीत होते. कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर आघारकर पुण्यात आले आणि 1946 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. 1992 मध्ये या संस्थेच्या संशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

हायड्रा स्वच्छ, संथ गोड्या पाण्यातल्या पाणवनस्पतींना चिकटून राहतो. त्याची लांबी काही मिलिमीटर असते. शालेय विज्ञानाच्या पुस्तकात मुकुलायनाच्या आकृतीत तो असतो. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांनी ही आकृती वहीत काढलेली असते. 1740 च्या दशकात अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी हायड्राचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यातून पूर्ण प्राणी तयार होताना पाहिला. हायड्राचे शरीर सतत नव्याने घडत राहते. डोक्याकडच्या टोकाचा संघटक प्रौढ वयातही काम करत असतो. तो विंटवर चालतो, हे 2000 मध्ये बर्ट हॉबमायर, थॉमस होल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, आणि एथेल ब्राउनच्या प्रयोगातील तुकड्याचा रेणवीय आधार मिळाला.

पुण्यात हायड्रावर काम करताना येथील हायड्रा कोणता, हेही निश्चित करावे लागले. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या हायड्राचे रूपवर्णन आणि वंशवृक्षातील स्थान घासकडबी यांच्या गटाने 2011 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. पुण्याचा वंश हायड्रा व्हल्गॅरिस या जातीत बसवण्यात आला.

2010 मध्ये या गटाने जपानच्या माकोतो आसाशिमा यांच्या सहकार्याने हायड्रातील नॉगिन जनुक वेगळे केले. त्याचा आरएनए झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात टोचला. टोचलेल्या सगळ्या भ्रूणांना दुसरा अक्ष फुटला. अतिनील किरणांनी ज्यांची पाठीकडची बाजू नष्ट केली होती त्या भ्रूणांमध्येही हायड्राच्या नॉगिनने ती अंशतः परत आणली. हे सारे बीएमपीला अडवल्यामुळेच घडते, याची स्वतंत्र चाचणीने खात्री करण्यात आली. हायड्रा आणि बेडूक यांच्या पूर्वजांची वाट पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळी झाली. तरीही एकाचे रोधक प्रथिन दुसऱ्याच्या भ्रूणात आपले काम करते. बीएमपी आणि त्याला अडवणारे नॉगिन ही जोडी डाव्या-उजव्या बाजूचे प्राणी उत्क्रांत होण्याआधीपासून चालत आली आहे, असा याचा अर्थ.

हायड्राला नॉगिनच्या जोडीला ग्रेमलिनही आहे. ही दोन्ही प्रथिने बीएमपीलाच अडवतात. पण ती शरीरात वेगवेगळ्या जागी तयार होतात. मुकुल फुटण्याच्या आणि शुंडके आखली जाण्याच्या कामांत त्यांच्या भूमिका वेगळ्या असाव्यात, हे याच गटाने 2020 मध्ये मांडले. एका संदेशासाठी दोन रोधक ठेवल्याने तो जागोजागी निराळ्या प्रमाणात कमी करता येतो.

केंद्रकातले नियंत्रण

पेशीबाहेरच्या रोधकांइतकेच केंद्रकातले नियंत्रक महत्त्वाचे असतात. 2006 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, या बाजूने काम झाले.

संजीव गलांडे यांच्या गटाने आधी राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि नंतर आयसरमध्ये सॅटबी-1 या प्रथिनाचा अभ्यास केला. जनुकसंचाची केंद्रकातली मांडणी हे प्रथिन सांभाळते. 2010 मध्ये या गटाने दाखवले की विंटचा संदेश आल्यावर सॅटबी-1 बीटा-कॅटेनिनला आपल्याकडे ओढते. बीटा-कॅटेनिनसाठी सॅटबी-1 आणि टीसीएफ यांच्यात चढाओढ होते आणि त्यातून रोगप्रतिकारक टी-पेशी कोणत्या प्रकारची होणार हे ठरते. एकच संदेश वेगवेगळ्या पेशींत वेगळा परिणाम का करतो, याचे एक उत्तर या स्पर्धेत आहे.

याच गटाने 2019 मध्ये हायड्रातील विंट मार्गाखाली येणाऱ्या जनुकांचे जाळे मांडले. त्यांत होमिओडोमेन आणि फोर्कहेड या कुळांतील नियंत्रक बहुसंख्य होते. मार्जिन नावाच्या एका नियंत्रक जनुकावर बीटा-कॅटेनिन थेट बसते. विंट मार्ग कृत्रिमरीत्या चालू केला की हायड्राच्या धडावर भलत्या जागी शुंडके उगवतात. मार्जिन बंद केल्यावर ती उगवत नाहीत. झेब्राफिशच्या भ्रूणात हे जनुक अवाजवी चालू केले तर त्याचा शरीराक्ष बिघडतो.

माशीच्या पंखाचा प्रश्नही पुण्यात आला. माशीच्या छातीच्या दुसऱ्या खंडावर पंख असतात आणि तिसऱ्या खंडावर तोल सांभाळणारे छोटे संतोलक. अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक तिसऱ्या खंडात निकामी झाले तर संतोलकांच्या जागी पंख येतात आणि चार पंखांची माशी होते. एल. एस. शशिधर यांनी हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजीमध्ये असताना 1999 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले की अल्ट्राबायथोरॅक्स संतोलकाच्या वर-खाली सीमेवरील संदेशवहन दडपते. विंगलेस त्याच संदेशवहनाचा भाग आहे. संतोलक म्हणजे पंखाची घडण अनेक ठिकाणी अडवून मिळालेला अवयव. शशिधर नंतर आयसरमध्ये आले. 2011 मध्ये त्यांच्या गटाने माशीच्या संपूर्ण जनुकसंचात अल्ट्राबायथोरॅक्स कुठे कुठे बसते याचा शोध घेतला आणि पुढे मधमाशी व रेशीमकिडा यांच्याशी तुलना केली. मधमाशीच्या आणि रेशीम पतंगाच्या मागच्या पंखांत हे प्रथिन असूनही तिथे संतोलक होत नाही. प्रथिन तेच असले तरी ते कोणत्या जनुकांना अडवते, हे उत्क्रांतीत बदलले आहे.

आजाराशी संबंध

विकासाचे मार्ग जन्मानंतर संपत नाहीत. आतड्याचे अस्तर, हाडे आणि केसांची मुळे यांच्या झिजेची भरपाई त्यांवरच चालते. म्हणून नियंत्रक प्रथिनांतील दोष प्रौढ वयातही आजार घडवतात.

एपीसी हे जनुक 1991 मध्ये आतड्यात शेकडो मोड येणाऱ्या एका आनुवंशिक विकारातून सापडले. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत ते निकामी झालेले असते. त्यामुळे बीटा-कॅटेनिनचा नाश थांबतो आणि विंट नसतानाही पेशी वाढत राहतात. माणसाच्या नॉगिन जनुकात दोष असेल तर बोटांचे सांधे वेगळे न होता हाडे जुळून येतात, हे 1999 मध्ये कळले. स्क्लेरोस्टिन हे हाडांतील विंट मार्गाला आवर घालणारे प्रथिन. ज्या कुटुंबांत ते जन्मतः तयार होत नाही त्यांची हाडे असाधारण घट्ट असतात. याच निरीक्षणावरून स्क्लेरोस्टिनला अडवणारे रोमोसोझुमॅब हे औषध तयार झाले आणि 2019 मध्ये अमेरिकेत अस्थिभंगाचा धोका असलेल्या रुग्णांसाठी मान्य झाले.

हेजहॉग मार्गावरचे औषध चरणाऱ्या मेंढ्यांमुळे मिळाले. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात गाभण मेंढ्यांनी एक विशिष्ट रानवनस्पती खाल्ली की एकाक्ष कोकरे जन्मत. त्या वनस्पतीतील सायक्लोपामीन हे द्रव्य स्मूदन्डला रोखते, हे बऱ्याच काळानंतर कळले. हेजहॉग जनुक निकामी केलेल्या उंदरांमध्ये 1996 मध्ये तसाच परिणाम दिसला. स्मूदन्डला रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध 2012 मध्ये त्वचेच्या एका कर्करोगासाठी वापरात आले. भ्रूणात घातक ठरणारा रोध प्रौढ रुग्णात उपचार ठरतो. म्हणूनच ही औषधे गर्भवतींना कटाक्षाने वर्ज्य असतात.

एडिंबरा आणि पुण्यात कोंबडीच्या भ्रूणावर झालेले प्रयोग, मुंबईतील उंदरांवरील कर्करोग संशोधन, दिल्लीतील पंखहीन माशी आणि पुण्यातील हायड्रा ही कामे वेगवेगळ्या हेतूंनी सुरू झाली होती. नियंत्रक प्रथिनांच्या शोधामुळे ती एकाच विषयाचे भाग झाली. या विषयाने दोन गोष्टी प्रस्थापित केल्या आहेत. प्राण्यांचे विकासमार्ग आणि त्यांवरचे काही निर्बंध हायड्रापासून माणसापर्यंत सामायिक आहेत. आणि अवयवाचे रूप ठरवताना संदेश देणाऱ्या प्रथिनाइतकेच त्याला थांबवणारे प्रथिनही निर्णायक असते.